जुन्या मोटारीचा पत्रा आणि रंगाचा मेळ

व्यापारी माणसाच्या घरी जुनी वस्तू दोन कारणांनी राहते. एक तर ती अद्याप उपयोगाची असते, किंवा ती मिळविण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी जे कष्ट केले त्यांची ती खूण असते. सुरत शहरात व सभोवतालच्या गावांत आपल्या सभासदांच्या कित्येक घरी आवाराच्या कोपऱ्यात कापडी आच्छादनाखाली उभी असलेली फियाट किंवा अँबॅसडर ही दोन्ही कारणांनी राहिलेली वस्तू होय. वर्षातून चार-दोन वेळा ती बाहेर निघते, पुसली जाते आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो. परंतु एखाद्या दिवशी कोणी तिला धडक देतो, किंवा दाराखालच्या पत्र्यातून गंजाचा तांबडा भुगा गळू लागतो, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो : हिचे आता करावयाचे काय?

आमचा व्यवसाय घाऊक धान्याचा. मोटारीच्या विद्येशी आमचा संबंध केवळ मालक म्हणून. तथापि इच्छापोर येथे आमच्या घरच्या १९६८ सालच्या फियाटचे पत्राकाम व रंगकाम चालू असता कारागिराच्या शेजारी खुर्ची टाकून ते आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्याचा योग आम्हांस आला. जे पाहिले व विचारून घेतले ते सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख. त्याचे सार आधीच सांगून टाकतो. पत्रा निर्दोष झाल्याखेरीज रंगाचा डबा उघडू नये. आणि रंग जुळवावयाचा तो कारखान्याच्या पुस्तकाशी न जुळवता समोर उभ्या असलेल्या गाडीशी जुळवावा.

गाडीचे कूळ

या गाडीचे कूळ आपल्या वाचकांस परके नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईस कुर्ला येथे तिचा कारखाना उभारला. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी आपल्या देशात झाल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास होता. प्रारंभी क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांची जुळणी तेथे होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि ‘अकराशे’ ही गाडी आपल्या रस्त्यांवर आली. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. तिचे पुढचे दार मागच्या बाजूस बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे होते. १९६४ साली ‘अकराशे डिलाइट’ आली, आणि त्याच गाडीला १९७४ सालापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. शतक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती आणखी काही वर्षे धावली; ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि तेही पर्व मिटले. आता ज्या उरल्या त्या खाजगी घरांतून.

या गाडीची एक गोष्ट प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवावी. मालट्रकला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो व त्यावर वरचा डोलारा बसविलेला असतो. फियाट अकराशेला असा स्वतंत्र सांगाडा नाही. जमीन, दाराखालचे पोकळ पट्टे, खांब व छप्पर हे सर्व पत्रे एकमेकांस जोडून जी पेटी होते तीच गाडीचा भार वाहते. म्हणून पत्रा सडणे म्हणजे केवळ शोभा जाणे नव्हे. घराची तुळई किडण्यासारखी ती गोष्ट आहे.

येथील हवा आणि पाणी

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर आहे. तापीचे मुख व समुद्र येथून दूर नाहीत. वाऱ्याबरोबर येणारा क्षार पत्र्यावर बसतो, पावसाळ्यात ओल धरून ठेवतो आणि रंगाला जेथे बारीक चीर असेल तेथून आत शिरतो. गंज एकदा रंगाखाली गेला की तो आडवा पसरतो. वरून केवळ मुगाच्या दाण्याएवढा फोड दिसतो. खरवडून पाहावे तर खाली रुपयाएवढे भोक निघते.

यावर भर पडली ती ऑगस्ट २००६ च्या महापुराची. उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीने शहरात आणले व सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्यावेळी आमचे बिऱ्हाड अडाजण भागात होते. पाणी ओसरल्यावर गाड्या धुतल्या, आसने उन्हात वाळविली, इंजिने उघडून साफ केली. परंतु दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत जो बारीक गाळ जाऊन बसला तो बाहेरून धुऊन निघणारा नव्हता. असा गाळ ओल्या फडक्यासारखा वर्षानुवर्षे पत्र्यास आतून चिकटून राहतो. त्या पुरात उभ्या असलेल्या कोणत्याही जुन्या गाडीचे हे पट्टे आजही उघडून पाहण्यासारखे आहेत.

लोहचुंबकाची परीक्षा

आमच्या गाडीचे निमित्त असे झाले की, इच्छापोरच्या रस्त्यावर ती उभी असता मागे येणाऱ्या एका मालट्रकने तिच्या डाव्या अंगास धक्का दिला. मागचे मडगार्ड आत गेले, मागचे दार बसेना आणि दाराखालचा पट्टा चेपला. घरात पुतणीचे लग्न दोन महिन्यांवर आले होते. याच गाडीतून तिची पाठवणी व्हावी अशी आमच्या मातोश्रींची फार इच्छा. ही गाडी वडिलांनी घेतली तेव्हा पहिल्या फेरीस त्याच शेजारी बसल्या होत्या.

एका गॅरेजवाल्याने आठ दिवसांत गाडी ‘नव्यासारखी’ करून देण्याचे आश्वासन दिले. रंगही आजच्या पसंतीचा, चकचकीत. दुसरा एक वृद्ध कारागीर मूळचा धुळ्याकडचा. बरीच वर्षे उधन्यास काम करून आता हजिरा रस्त्याला त्याने लहानशी शेड घातली आहे. त्याने रंगाची गोष्टच काढली नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक काढून तो गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवू लागला. दारावर चुंबक चिकटे, बॉनेटवर चिकटे. डाव्या अंगाच्या पट्ट्यावर आला की घसरून पडे. तेथे त्याने बोटाच्या पेराने टकटक केले. पत्र्याचा खणखणीत आवाज न येता मातीच्या भिंतीसारखा बद्द आवाज आला.

“शेठ, येथे पत्रा नाही,” तो म्हणाला. “काय आहे ते उघडल्यावर सांगतो.”

उघडल्यावर जे निघाले ते पाहून आम्हांस क्षणभर हसू आले व मग अंगावर काटा आला. पुरानंतर काही वर्षांनी एका ठिकाणी हे अंग दुरुस्त करून घेतले होते. त्या कारागिराने सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी पोकळीत गोणपाटाचे तुकडे कोंबले होते, त्यावर बोटभर जाडीची पुट्टी थापली होती आणि वर सुंदर रंग दिला होता. ज्या बारदानाचा आम्ही जन्मभर व्यापारात उपयोग केला ते आमच्याच गाडीचा भार वाहत होते! त्या दारातून मुलेबाळे चढत-उतरत होती. ट्रकचा धक्का थोडा अधिक जोराचा असता तर त्या अंगाला आधार म्हणून काहीच नव्हते.

धान्याच्या व्यापारात पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर कोणी सौदा करीत नाही. परखी खोल खुपसून मधला नमुना काढतात व हातावर घेऊन पाहतात. मोटारीच्या बाबतीत ती परखी म्हणजे हा लोहचुंबक. जुनी गाडी विकत घेताना, विकताना किंवा दुरुस्तीस देताना तो खिशात असावा. पुट्टीचा पातळ थर असेल तर चुंबक किंचित सैल धरतो. मुळीच धरीत नसेल तर थर जाड आहे किंवा खाली पत्राच नाही असे समजावे.

पत्रा सरळ करणे

लग्नाची तारीख आणि गाडीचे काम यांचा मेळ बसणार नाही हे त्याच दिवशी स्पष्ट झाले. मातोश्रींना आम्ही पट्ट्यातून निघालेले गोणपाट नेऊन दाखविले. त्या काही वेळ ते पाहत राहिल्या व म्हणाल्या, “मग घाई नको. पोरीला दुसऱ्या गाडीतून पाठवा.” त्याप्रमाणे झाले. पाठवणीच्या दिवशी आमची फियाट इच्छापोरच्या शेडमध्ये चाके काढून ठोकळ्यांवर उभी होती.

कामाचा क्रम असा होता. प्रथम बॅटरी सोडविली व पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली. गॅसची ज्योत चालणार तेथे टाकी गाडीत ठेवणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. रिकाम्या टाकीतील वाफ तर भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते. नंतर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजले. उजव्या अंगाचे माप व डाव्या अंगाचे माप जुळले पाहिजे. ते जुळेपर्यंत वरवरची ठोकाठोक व्यर्थ, कारण चौकट वाकडी असेल तर दार कधीच नीट बसणार नाही.

धक्क्याने पत्रा ज्या क्रमाने आत जातो त्याच्या उलट क्रमाने तो बाहेर आणावयाचा असतो. धक्का जेथे बसला तो खड्डा सर्वांत शेवटी; त्याच्या भोवती उठलेल्या वळ्या आधी. कारागिराच्या एका हातात हातोडी व दुसऱ्या हातात ‘डॉली’ असते. डॉली म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत पोलादी ठोकळा. ती पत्र्याच्या आतून धरावयाची व बाहेरून हातोडी मारावयाची. हातोडी बरोबर डॉलीवर पडली तर पत्रा सपाट होतो, पण ताणलाही जातो. डॉलीच्या किंचित बाजूस पडली तर उंचवटा खाली जातो व खळगा वर येतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो. आमचा कारागीर दर दहा-पंधरा ठोक्यांनंतर डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवी. मग कानस हलकेच ओढी. उंच जागा चकाकत, खोल जागा काळ्या राहत, आणि पुढचा ठोका कोठे मारावयाचा ते कळे.

ताणलेला पत्रा पापडासारखा फुगतो आणि बोटाने दाबला असता ‘टक’ आवाज करून आतबाहेर होतो. त्यावर उपाय अग्नीचा. रुपयाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवितात, भोवतालून हलके ठोकतात व ओले फडके लावतात. तापलेले लोखंड थंड होताना आक्रसते व पत्रा घट्ट होतो. यात संयम फार लागतो. अधिक तापविला तर भोवतालचा पत्राच सुरकुततो.

सडलेला भाग मात्र ठोकून सुधारत नाही. तो निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढावा लागतो. तितक्याच जाडीचा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा, नवा पत्रा त्याच घडीने वळवून तेथे जोडावा लागतो. जोड थोड्या थोड्या अंतरावर टाके घालून पुरा करतात. सलग झाळत गेले तर उष्णतेने पत्रा वाकतो. पट्ट्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी मूळ कारखान्याने ठेवलेली छिद्रे उघडी ठेवणे अत्यावश्यक आहे. नवशिके ती बुजवितात व आत तळे करून ठेवतात. सर्व झाल्यावर पोकळीत गंजरोधक मेण फवारावे.

पुट्टीचे स्थान

येथवर वाचून पुट्टी ही वाईट वस्तू आहे असा कोणाचा समज होऊ नये. पूर्वी लहानसहान खळगे शिशाच्या डाकेने भरीत. ते काम टिकाऊ असे, पण कारागिराच्या शरीराला शिसे बाधत असे. पुढे पॉलिएस्टरची पुट्टी आली. तिचे काम मर्यादित आहे. पत्रा शक्य तेवढा सरळ केल्यावर जो बारीक फरक उरतो तो तिने भरावयाचा. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये. गंजावर ती लावू नये. ती पाणी शोषते, म्हणून लावून, घासून, उघडी ठेवून गाडी पावसात फिरवू नये. वर प्रायमर चढविलाच पाहिजे. आमच्या गाडीस पुट्टी लागली, पण सगळी मिळून एका वाटीत मावेल एवढी. पूर्वीच्या दुरुस्तीची जी पुट्टी खरवडून काढली तिने एक घमेले भरले होते.

दोन रंग आणि एक निर्णय

मोटारीच्या रंगाचाही इतिहास मनोरंजक आहे. प्रारंभी गाडीस ब्रशाने वार्निशाचे थर देत व ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा फवारण्याचा, झटपट वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला आणि रंगांची बंदी उठली. आपल्याकडे मोटारीच्या रंगकामालाच ‘ड्यूको करणे’ म्हणण्याची रीत पडली.

जुन्या गाडीवर कोणता रंग आहे हे नवा देण्यापूर्वी पाहावे लागते. आड जागी थिनरचे फडके घासावे. रंग सहज फडक्यावर उतरला तर तो ड्यूकोच्या जातीचा. सुरकुतला तर हवेत वाळलेला एनॅमल. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घातलेला. एनॅमलवर थेट ड्यूको फवारला तर त्यातील तीव्र थिनरने खालचा थर उचलून येतो व उकळत्या दुधावरील सायीसारख्या सुरकुत्या पडतात. कित्येक गाड्या या एका अज्ञानापायी दोनदा रंगवाव्या लागतात.

आता मेळाचा प्रश्न. आमच्या गाडीचा रंग घरात सगळे ‘राखी’ म्हणत. मातोश्री मात्र नेहमी म्हणत की, गाडी आणली तेव्हा ती आकाशी होती. कारागिराने डिकीच्या झाकणाखालचे रबर सोडविले तेव्हा खाली इतक्या वर्षांत ऊन न लागलेला पट्टा निघाला. तो स्वच्छ आकाशी होता. मातोश्रींची आठवण खरी ठरली, पण निर्णय अवघड झाला. डाव्या अंगाला मूळचा आकाशी द्यावा, तर उरलेली गाडी राखी. सगळी गाडी आकाशी करावी, तर वडिलांच्या काळचा शाबूत असलेला कारखान्याचा रंग उजव्या अंगावरून, छपरावरून व बॉनेटवरून घासून टाकावा लागणार. तो एकदा गेला की पुन्हा मिळत नाही.

कारागिराने आधी उजव्या दाराचा वीतभर भाग बारीक पॉलिशने घासला. वरची भुकटीसारखी मेलेली पापडी निघून गेली व खालून राखी आणि आकाशी यांच्या मधला एक शांत रंग आला. “मेळ याच्याशी करावयाचा,” तो म्हणाला. मळलेल्या पृष्ठभागाशी रंग जुळविला तर पहिल्याच पॉलिशनंतर दोन्ही अंगे वेगळी दिसतात. म्हणून आधी घासणे, मग जुळविणे हा क्रम.

त्याने पांढऱ्या, निळ्या, काळ्या व किंचित पिवळ्या रंगांचे थेंब मोजून मिसळले. पिवळा कशासाठी, असे आम्ही विचारले. उन्हाने व काळाने रंग नुसता फिका होत नाही, तो किंचित पिवळटही होतो, हे त्याचे उत्तर. प्रत्येक मिश्रण त्याने पत्र्याच्या तुकड्यावर प्रत्यक्ष गाडीस देणार तितक्याच थरांनी फवारले आणि पूर्ण वाळू दिले. ओला रंग व वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून डब्यातील रंग पाहून कधीही होकार देऊ नये. खालचा प्रायमर गडद की फिका याचाही परिणाम होतो. तेव्हा तुकड्यावर व गाडीवर प्रायमर एकच असावा.

मग प्रकाशाची गोष्ट. दोन रंग उन्हात एक दिसतात व ट्यूबलाइटखाली वेगळे, असा अनुभव सुरतेतील कापडाच्या डाइंग-प्रिंटिंगवाल्यांस नित्य येतो. रंगद्रव्ये निराळी असली म्हणजे असे होते. त्यामुळे तेथे निरनिराळ्या दिव्यांच्या पेटीत कापड धरून छटा ताडतात. हिऱ्याचे व्यापारीही पाणी पाहताना हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवून पाहतात, दुपारच्या झगझगीत उन्हात पाहत नाहीत. डी ते झेड या श्रेणीत रंग ठरविताना तर प्रमाण हिरे शेजारी ठेवून, ठराविक प्रकाशात तुलना करतात. इच्छापोरलाच हिरे व दागिन्यांसाठी स्वतंत्र वसाहत उभी राहिली आहे, तेव्हा आपल्या वाचकांस हे अधिक सांगण्याची गरज नाही. मोटारीच्या रंगालाही नियम तोच : सकाळच्या वेळी, उघड्यावरील सावलीत, समोरून एकदा व तिरक्या नजरेने एकदा पाहावे, आणि फार वेळ टक लावून पाहू नये, कारण डोळा थकला की फरक दिसेनासा होतो.

शेवटी दोन तुकडे उरले. एक रबराखालच्या मूळ आकाशीचा, दुसरा पॉलिश केलेल्या दाराचा. दोन्ही मातोश्रींच्या हाती दिले. आम्हांस वाटले, त्या आकाशीच उचलतील. त्यांनी दोन्ही तुकडे दारास लावून पाहिले व दुसरा परत दिला. “हा द्या. एका गाडीला दोन रंग नकोत.” आकाशी तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.

रंग फवारताना कारागिराने आणखी एक गोष्ट सांभाळली. नवा रंग पत्र्याच्या मध्येच थांबवला तर सांधा दिसतो. म्हणून दाराची कड, मोल्डिंगची पट्टी अशा नैसर्गिक रेषेपर्यंत तो नेला आणि शेजारच्या भागात पातळ करीत विरवून टाकला. दिवस कोरडा पाहूनच काम केले. पावसाळी दमट हवेत ड्यूको फवारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरके सावट येते.

आता मोठ्या कारखान्यांच्या कार्यशाळांत रंग मोजणारे यंत्र असते. रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली ठरविली व १९७६ साली ती सुधारली. यंत्र त्याच आकड्यांवरून मिश्रणाचे प्रमाण काढून देते. ते उपयुक्त आहे यात शंका नाही. पण पन्नास वर्षांच्या उन्हाने प्रत्येक पत्र्यास निराळा केलेला असतो : छप्पर अधिक फिके, दाराचा खालचा भाग गडद. यंत्राने आरंभ करावा व डोळ्याने शेवट करावा, हे उत्तम.

कारागिराचे शरीर आणि मालकाचे कर्तव्य

काम देणाऱ्याने काम करणाऱ्याच्या जिवाचा विचार केला पाहिजे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी कडक मर्यादा आली, ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. जुना रंग कोरडा घासला तर ती धूळ श्वासात जाते. म्हणून पाण्याच्या पेपरने ओला घासावा आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये. हार्डनर घालून फवारण्याच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो; तोंडाला रुमाल बांधून त्यापासून रक्षण होत नाही. बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. असा मुखवटा नसलेल्या शेडमध्ये असा रंग देण्याचा आग्रह मालकाने धरू नये, आणि मुखवट्याचा खर्च बिलात आला तर त्यावर घासाघीस करू नये.

कागदपत्रांविषयी

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली व सांगाडा, बाह्य पेटी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे ठरविली गेली. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरास वा धंद्यास चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. अर्ज करण्यापूर्वी हा विचार करावा. नोंदणीपुस्तकात गाडीचा रंगही लिहिलेला असतो; तो बदलावयाचा तर परिवहन कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते. मूळ रंगाशी इमान राखण्याचा हाही एक व्यावहारिक लाभ आहे.

दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत : उघडलेला पट्टा, कापलेला पत्रा, जोडलेला तुकडा, प्रायमर. रंगाच्या मिश्रणाचे प्रमाण कागदावर लिहून घ्यावे आणि त्याच रंगाची एक लहान बाटली घट्ट बुचाने बंद करून ठेवावी. उद्या गाडी विकण्याची वेळ आली तर घेणाऱ्यास ही सर्व कागदपत्रे दाखविता येतात. खाली काय आहे हे सांगता येणाऱ्या मालाला भाव मागताना संकोच वाटत नाही.

उरलेले हात

हातोडी व डॉलीने पत्रा सरळ करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. नव्या गाड्यांचे चेपलेले भाग बहुधा बदलूनच टाकतात. त्यामुळे तरुणांना हे काम शिकण्याचे कारण उरले नाही. आमच्या कारागिराकडे दोन मुले शिकत आहेत. एकाचा हात चांगला बसला आहे. दुसरा रंगात हुशार आहे. सभासदांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ती आच्छादनाखाली आणखी सडू न देता एकदा चुंबक फिरवून पाहावी, आणि काम द्यावयाचे ते शिकवीत असलेल्या कारागिरास द्यावे. त्यास वेळ अधिक लागेल, मजुरीही दिवसांच्या हिशेबाने द्यावी लागेल. ती द्यावी. पाच-दहा घरांतून असे काम नियमित मिळाले तर त्या दोन मुलांचा हात मोडणार नाही, आणि पुढच्या पिढीतील कोणाच्या गाडीला धक्का बसलाच तर तिच्या पट्ट्यात कोणी गोणपाट भरणार नाही.